उजवा खिसा

"ही किल्ली तुमच्याकडे ठेवतेय, बाबा," दाफिना म्हणाली. "मी येईपर्यंत तबेल्याचं दार उघडायचं नाही. कुणी आलं तरी. पाद्रीबाबा आले तरी."

"पाद्री आला तर त्याला पेलाभर रकिया पाजीन," तिचा सासरा म्हणाला. "दार कशाला उघडू?"

"हसण्यावारी नेऊ नका."

"हसतोय कोण? हसायला तोंडात दात लागतात, सूनबाई."

कुंचो म्हातारा चौऱ्याऐंशीचा. कमरेचं हाड मोडून वाकडं जुळलेलं, त्यामुळे तो उभा राहिला की एका बाजूला कलायचा. पण उभं आयुष्य घोड्यांत गेलेला माणूस. गावात कुणाचा घोडा लंगडला की अजूनही आधी कुंचोला बोलावणं यायचं, मग डॉक्टरला. दाफिनानं किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली, त्याची बोटं स्वतःच्या हातानं मिटली आणि गमबूट चढवून निघाली.

दुसरा इलाजच नव्हता. नवरा राद्को स्पेनात ट्रक चालवत होता आणि गावच्या दूध केंद्रावर ती एकटी. सणवार माणसांना असतात, गायींना नसतात. सकाळचं दूध टाकीत ओतून डेअरीची गाडी मार्गी लावल्याशिवाय तिला हलता येत नव्हतं. एरवीचा दिवस असता तर तिनं एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण आज संत तोदोराचा शनिवार होता, म्हणजे घोड्यांचा सण, आणि पहाटेपासून गोर्ना ब्रेस्ता गावात घरोघरी पाव भाजल्याचा वास सुटला होता.

त्या वासाचीच तिला धास्ती होती. आज प्रत्येक घरात घोड्याच्या आकाराचे, नालाच्या आकाराचे छोटे पाव होतात. बायका ते टोपलीत घालून दारोदार वाटतात, आणि ज्या दारात घोडा आहे तिथे पहिला तुकडा घोड्याच्या तोंडात. घोड्यासाठी आलेला पाव परत पाठवायचा नाही. परत गेला तर तो घोडा पुढचा तोदोर बघत नाही, असं गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि दाफिनाच्या तबेल्यात जो घोडा उभा होता, त्याला पावाचा एक तुकडा म्हणजे विष होतं.

आल्चोला आणून जेमतेम आठवडा झाला होता. डोंगरापलीकडच्या वाडीत ती दुधाचे रिकामे कॅन आणायला गेली होती. तिथे लाकडं ओढायचा धंदा करणारा एक एकटा माणूस शरदात इस्पितळात गेला आणि तिथेच वारला. शहरातल्या वारसांनी येऊन घराला कुलूप घातलं आणि मागच्या छपरात घोडा आहे हे एकतर बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं. शेजारचा कुणी आठवण झाली की पेंढीभर गवत टाकायचा, बस. दाफिनानं फळी बाजूला केली तेव्हा आत हाडांचा सापळा उभा होता. लाकडी गव्हाण अर्धी खाल्लेली. भिंतीतल्या फळ्या कुरतडलेल्या. दाफिना तशी रडणारी बाई नव्हे, पण त्या दिवशी कॅन तिथेच टाकून ती छपराबाहेर उकिडवी बसून रडली.

गुरांच्या ट्रकातून त्याला घरी आणला. कुंचो फाटकाशी काठी टेकून उभा होता. घोडा फळीवरून थरथरत उतरला आणि म्हाताऱ्यानं त्याचा फाटका डावा कान बघितला.

"आल्चो," तो म्हणाला. "हा आल्चो आहे."

याच तबेल्यात, कुंचोच्या हातांवर जन्मलेला घोडा. कंबर मोडल्यावर गाडीचा धंदा बंद झाला तेव्हा विकला होता त्याला, चांगला धडधाकट, बारा वर्षांचा. आता सत्ताविशीला टेकलेला, आयाळ गळालेली, बरगड्या एकेक मोजून घ्याव्यात अशा. त्यानं मान खाली घातली, लटपटत दोन पावलं टाकली आणि नाक सरळ म्हाताऱ्याच्या कोटाच्या उजव्या खिशात खुपसलं. कारण कुंचोचा उजवा खिसा हा घोड्यांचा खिसा. डाव्यात तंबाखू, रुमाल, पेन्शनची पावती, काय वाटेल ते. उजव्यात फक्त पाव, आणि तो फक्त घोड्यासाठी. इतकी वर्षं परक्याकडे राहून, उपाशी मरायला टेकून, त्या जनावराला तेवढं मात्र आठवत होतं. खिसा रिकामा होता. कुंचोनं घोड्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ कुणाकडे बघितलंच नाही.

मग जनावरांची डॉक्टरीण आली. नेव्हेना. पोरगेलीच, पण बोलायला फटकळ. तिनं घोड्याचं तोंड उघडून दात बघितले, छातीला नळी लावली, रक्त काढलं आणि सासऱ्यासुनेला समोर उभं केलं.

"नीट ऐका. भुकेतून हा वाचलाय. आता मरेल तो खाण्यानं मरेल. त्याच्या शरीरानं स्वतःचंच मांस खाल्लंय. अशा वेळी पोटात एकदम जव पडला, पाव पडला, की रक्तातले क्षार ढासळतात आणि हृदय बंद पडतं. पहिले दहाबारा दिवस धान्याचा दाणा नाही, पावाचा कण नाही. लसूणघासाच्या गोळ्या गरम पाण्यात भिजवून, लापशीसारख्या पातळ करून द्यायच्या. थोड्या थोड्या, दर दोनतीन तासांनी. दाढा झिजून गुळगुळीत झाल्यात, कोरडं काही चावताच येणार नाही त्याला."

"म्हणजे पोपारा," कुंचो म्हणाला. कोमट पाण्यात कुस्करलेला पाव म्हणजे पोपारा, त्याचं स्वतःचं रोजचं जेवण. "घोड्याला पोपारा, मला पोपारा. या घरात चावायचं काम आता एकट्या सुनेकडे."

नेव्हेना हसली नाही. "आजोबा, तुम्ही आयुष्यभर घोडे सांभाळलेत, मला माहीत आहे. पण हा घोडा तुमच्या त्या घोड्यांसारखा नाही."

हे म्हाताऱ्याला लागलं. लागलं ते दाफिनानं बघितलं. रात्री त्यानं कोट उतरवला, उजवा खिसा उलटा करून बाहेर ओढला आणि ब्रशनं घासून घासून जुना चुरा काढून टाकला. "उगीच वास यायचा त्याला," एवढंच म्हणाला.

त्या दिवसापासून दाफिनाची झोप उडाली होती. बादलीत गोळ्या भिजवायच्या, फुगल्या की हातानं मळायच्या, हिरवा काला त्याच्यासमोर धरायचा. तो चाटून पुसून खायचा आणि मग मान वर करून बघत राहायचा. संपलं एवढ्यात? ते बघणं सोसवत नव्हतं. आणि गाव तर काय, गावाला फुकटचा तमाशा. दाफिना घोड्याला ओंजळ ओंजळ मोजून घालते. आणला कशाला मग, मारायचाच होता तर? शेजारची येलिका मावशी कुंपणावरून रोज ऐकवायची, "अगं, शेरभर जव टाक त्याला, चार दिवसांत उड्या मारेल. हे हिरवं शेण काय खाऊ घालतेस?" दाफिना दातओठ खाऊन गोळ्या मळत राहायची. सगळ्यांच्या पोटात घोड्याबद्दल माया होती, हीच तर पंचाईत होती.

म्हणून किल्ली. आणि किल्ली ठेवायला सासऱ्याइतका खात्रीचा माणूस आख्ख्या गावात दुसरा नव्हता.

दूध केंद्रात तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बाहेर शर्यतीच्या माळावर बँडवाले वाद्यं लावत होते. दूध घालायला येणारे सगळे नटूनथटून आलेले, घोड्यांच्या शेपट्यांना वेण्या आणि लाल फिती. जो येईल तो विचारत होता, "काय, आज तरी पाव देणार का त्या बिचाऱ्याला?" दाफिना म्हणायची, "कॅन इथे ठेवा." डेअरीची गाडी उशिरा आली. ड्रायव्हरला शुभेच्छा द्यायच्या होत्या, घ्यायच्या होत्या, एक घोट मारायचा होता. तिनं त्याला जवळजवळ ढकलूनच नळी जोडायला लावली.

तेवढ्यात येलिका मावशी आली. दूध घालायला नव्हे, तक्रार घालायला. डोक्याला नवा रुमाल, काखेत रिकामी टोपली.

"तुझा सासरा म्हणजे जनावर आहे नुसतं. फाटकात खुर्ची टाकून बसलाय. बायाबापड्यांना काठी दाखवतोय. पाद्रीबाबांनासुद्धा आत सोडलं नाही."

दाफिनाचा जीव भांड्यात पडला. "बरं केलं त्यांनी."

"काय बरं केलं? सणाच्या दिवशी घोड्याचा पाव दारातून परत? मी हलले नाही बघ. म्हटलं, कुंचो आजा, मला हाकल, पण पाव परत नेणार नाही मी. पुढचा तोदोर बघायचा नाही का तुझ्या घोड्याला? तेव्हा कुठे घेतला."

"घेतला?"

"घेतला की. चांगला घोडाच केला होता मी, अक्रोडाचा डोळा लावून. म्हणाला, दे, ठेवतो. आणि घातला खिशात."

दाफिनाच्या हातातलं दूध मोजायचं माप थांबलं. "कुठल्या खिशात?"

"आता खिसा कुठला ते कोण बघतं?" मावशीनं स्वतःच्या अंगाशी हात नेऊन बघितला. "काठी डाव्या हातात होती. म्हणजे उजव्या."

दाफिनानं माप टाकीच्या कडेला ठेवलं, ड्रायव्हरला म्हणाली "तूच बघ आता", आणि पळत सुटली. मागून येलिका मावशी ओरडत होती की झालं काय, पण तिला उत्तर द्यायला श्वास शिल्लक नव्हता. पोपारा करून खायचा असता तर म्हाताऱ्यानं पाव डाव्या खिशात घातला असता. किंवा हातात धरला असता. उजव्या खिशात नाही. ज्या माणसानं घोड्याला वास लागू नये म्हणून तो खिसा ब्रशनं घासला, त्या माणसानं त्यात पाव घातला होता.

रस्त्यात बर्फ वितळून चिखल झाला होता. गमबूट रुतत होते. माळाच्या तोंडाशी आली तर दोर बांधलेला, माणसांची भिंत, आणि पलीकडून घोडे सुटलेले. पंचानं तिचा दंड पकडला. "वेड लागलं का? तुडवतील." ती त्याच्या पकडीत उभी राहिली आणि समोरून एकामागून एक घोडे धडधडत गेले, तेजदार, गुबगुबीत, तोंडातून वाफा काढणारे. लोक टोप्या उडवत होते. शेवटचा एक पोरगा तट्टू हाकत इतका मागून आला की त्याच्यासाठी सगळ्यांना थांबावं लागलं, आणि लोक त्यालाच जास्त टाळ्या वाजवत होते. दाफिनाला त्या पोराला खेचून खाली ओढावंसं वाटलं. दोर सैल झाला तशी ती घुसली.

फाटकाशी खुर्ची होती. खुर्चीवर कुणी नव्हतं. तबेल्याचं दार सताड उघडं.

आल्चो मधोमध उभा होता. मान पुढे ताणलेली, तोंड अर्धवट उघडं, आणि दोन्ही नाकपुड्यांतून हिरवट पांढरा फेस गळत होता. फेसात पावाचा लगदा होता. तो खोकायचा, सगळं अंग आकसायचं, मग मान वर झटकायचा आणि पुन्हा खोकायचा. कुंचो त्याच्या गळ्याशी दोन्ही हात लावून उभा होता. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"किती दिला?" दाफिनाच्या तोंडून आवाज फाटून आला.

"अर्धा."

"जव?"

"जव नाही. देवाशप्पथ नाही. अर्धा पाव." त्यानं उजव्या खिशातून उरलेला अर्धा काढून दाखवला. अक्रोडाचा डोळा अजून जागेवर होता.

त्या घटकेला तिला सासऱ्याचा गळा दाबावासा वाटला, हे खरं आहे आणि पुढे तिनं ते लपवलंही नाही. तिनं फोन काढला. नेव्हेना शेजारच्या गावातल्या शर्यतीवर होती, मागे बँडचा गोंगाट.

"श्वास घेतोय का?" नेव्हेनानं विचारलं.

"घेतोय. पण नाकातून सगळं..."

"घेतोय ना? मग घास श्वासनळीत नाही, अन्ननळीत अडकलाय. कोरडा पाव, दाढा नाहीत, लाळेनं फुगला आणि बसला. गळ्याच्या डाव्या बाजूला गाठ लागते का हाताला?"

"लागते," कुंचो म्हणाला. त्याची बोटं तिथेच होती. "मुठीएवढी."

"पाणी नको, खाणं नको. एकच करा. डोकं खाली ठेवा त्याचं. नाकातली घाण फुप्फुसात गेली तर मग माझ्या हातातही काही राहणार नाही. डोकं खाली आणि ती गाठ हलक्या हातानं चोळत राहा. जोर नको. मी निघालेय, पण रस्त्यावर सगळीकडे घोडे आणि माणसं आहेत."

दाफिनानं मोरखी धरली आणि खाली ओढली. आल्चोनं मान वर घेतली. हाडं राहिली होती तरी घोडाच तो. तिनं सगळा भार टाकला, लोंबकळली म्हटलं तरी चालेल, आणि त्यानं तिला भिंतीवर आपटली. खोकला. फेस परत आत ओढला गेल्याचा घरघर आवाज आला.

"सोड त्याला," कुंचो म्हणाला.

"डोकं खाली..."

"ऐकलं मी. सोड. तू ओढलंस की तो वरच ओढणार."

मग म्हाताऱ्यानं काठी टाकून दिली आणि भिंतीला धरून धरून खाली बसला. ज्याला खाटेवरून उठताना हात द्यावा लागायचा तो माणूस, मोडकी कंबर घेऊन पेंढ्यावर बसला. बसताना कमरेतून कळ निघाली ती त्यानं गिळली. अर्धा पाव त्यानं दाफिनाकडे फेकला, "हा लांब टाक," म्हणाला. आणि कोटाची उजवी बाजू घोड्याकडे करून, खिशाचं तोंड दोन बोटांनी उघडून धरलं.

"ये. आल्चो. ये रे माझ्या राजा."

आल्चोचे कान हलले. गळ्यात घास अडकलेला, डोळे पांढरे झालेले, तरी त्यानं मान खाली आणली. हळूहळू आणली, खोकत, थांबत, आणि नाक त्या खिशात खुपसलं. खिसा रिकामा होता. फक्त वास होता. तिथेच त्याचं डोकं राहिलं. फेस कोटावर गळायला लागला, खिशात, म्हाताऱ्याच्या मांडीवर, जमिनीवर. बाहेर गळत होता, आत जात नव्हता.

कुंचोचा हात वर गेला. गाठ सापडली. तो वरून खाली चोळायला लागला, लहान मुलाची पाठ चोळावी तसा.

दाफिना घोड्याच्या खांद्याशी उभी राहून त्याचा श्वास ऐकत होती. माळावरचा बँड ऐकू येत होता, कुणीतरी शर्यत जिंकल्याची घोषणा. ती दाबलेल्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला मी राखण करायला ठेवलं होतं."

"हो."

"सगळ्यांना हाकललंत. पाद्रीला हाकललंत. आणि मग स्वतः?"

"हो."

"का, बाबा?"

म्हातारा चोळत राहिला.

"येलिकाचा पाव मी त्याला द्यायला घेतला नव्हता," तो शेवटी म्हणाला. "परत पाठवायची छाती झाली नाही म्हणून घेतला. म्हटलं, राहू दे खिशात. मग आत आलो, तो आहे ना ठीक एवढं बघायला. तो खिशाशी आला. मी म्हटलं, नाही. परत आला. मी म्हटलं, नाही रे बाबा. तो तसाच उभा राहिला, मागत. बाहेर सगळ्या गावच्या घोड्यांना पाव, आणि हा..." त्याचा हात थांबला नाही. "पोरी, मी कंगाल होतो तेव्हासुद्धा, घोड्यानं या खिशात मागितलं आणि मी दिलं नाही, असं कधी झालं नाही. आठवडाभर नाहीच म्हणतोय मी. मला देणं तेवढं एकच येत होतं गं."

दाफिनानं बाहीनं घोड्याच्या मानेवरचा घाम पुसला. राग गेला नव्हता, पण त्याचं काय करावं ते तिला कळेना.

किती वेळ गेला कोण जाणे. म्हाताऱ्याचे ओठ निळे पडले, एक पाय बधिर होऊन वाकडा झाला. तिनं दोनदा म्हटलं, मी चोळते, तुम्ही नुसते बसा. त्यानं मान हलवली. आल्चोला एक खोकल्याची उबळ आली, मोठी, पोटापासून, आणि पावाचा एक लगदा नाकातोंडातून पेंढ्यावर पडला. कुंचोची बोटं एकदम ताठ झाली.

"सरकली," तो म्हणाला. "सूनबाई, सरकली. माझ्या हाताखालून गेली."

नेव्हेना आली तेव्हा घोडा डोकं लोंबकळत ठेवून उभा होता आणि म्हातारा अजून खालीच बसलेला, कारण त्याला उठताच येत नव्हतं. तिनं नळी घालून गळा मोकळा झाल्याची खात्री केली, सुई टोचली, छाती ऐकली. मग म्हाताऱ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर आलेलं होतं काहीतरी, फटकळच असणार. तिनं ते गिळलं.

"दोन दिवस," ती दाफिनाला म्हणाली. "ताप चढला तर फुप्फुसात गेलंय. हृदय अडखळलं तर पोटात गेलेला पाव भोवला. दोन्ही नाही झालं तर बघू."

ते दोन दिवस कुंचो तबेल्याच्या बाहेर उलट्या बादलीवर बसून होता. आत पाऊल टाकलं नाही. पोपारा समोर ठेवला की तसाच गार व्हायचा. दाफिना ताप बघून बाहेर आली की तो तिच्या तोंडाकडे बघायचा, विचारायचा नाही. ती म्हणायची, "नाही चढला." मग तो परत जमिनीकडे बघायला लागायचा. येलिका मावशी एकदा कुंपणाशी आली, उभी राहिली, रुमालाचं टोक तोंडात धरून रडली आणि गेली. तिचं तरी काय चुकलं होतं म्हणायचं.

सोमवारी संध्याकाळी नेव्हेनानं छातीवरची नळी काढली आणि म्हणाली, "घोड्याचं हृदय आहे. चालतंय."

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर कुंचोनं किल्ली ठेवली आणि दाफिनाकडे सरकवली.

"ही तुझ्याजवळ ठेव. माझ्यापासून कुलूप लाव त्याला."

दाफिनानं किल्लीकडे बघितलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा हा माणूस, ज्याच्याकडे तीन गावं घोडे घेऊन यायची.

"उद्या मला दूध केंद्रावर जायचंय," ती म्हणाली. "दुपारची लापशी कोण देणार?"

"दुसरं कुणी बघ."

"दुसरं कुणीही आलं तर पाव देईल."

"मीही दिला."

"म्हणूनच म्हणते. तुम्ही आता देणार नाही." तिनं किल्ली परत त्याच्यापुढे सरकवली. "चूप बसा आणि पोपारा खा. गार होतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली तेव्हा तो तबेल्याच्या दाराशी उभा होता. तिला बघून त्यानं आधी डावा खिसा उलटा केला, मग उजवा. दोन्ही अस्तरं कुत्र्याच्या कानांसारखी लोंबत होती. ती म्हणाली, "हे काय आता, गरज आहे का याची?" तो म्हणाला, "तुला नसेल, मला आहे." आणि मग रोज. पाऊस असो, पाहुणे असोत, पोस्टमन उभा असो. म्हातारा खिसे उलटे करूनच आत जायचा. ज्या हिरव्या काल्याला गाव नाक मुरडायचं तो आता म्हातारा स्वतः मळायचा, एक गोळी कडक राहिली तर बोटानं शोधून काढायचा, आणि दाफिनानं घाई केली तर तिलाच ओरडायचा.

मे महिन्यात संत गेओर्गीचा सण आला तेव्हा माळ हिरवा झाला होता. आल्चोच्या बरगड्या अजून दिसत होत्या, पण दिसण्यासाठी आता बघावं लागत होतं. मानेवर नवी आयाळ बोटभर आली होती. नेव्हेनानं आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, आता एक तुकडा चालेल, भिजवून, अगदी मऊ.

दाफिनानं सणाच्या पावाचा तुकडा कोमट पाण्यात बुडवला आणि अंगणात सासऱ्यापुढे धरला. "घ्या. द्या त्याला."

कुंचो मागे सरला. "डॉक्टरीण म्हणाली?"

"म्हणाली."

"परत विचार तिला."

"दोनदा विचारलंय."

"मग अजून आठवडाभर थांबू. घाई कसली आहे?"

दाफिनाला हसू यायला लागलं आणि रडूही. तिनं त्याचा लोंबणारा उजवा खिसा आत ढकलला आणि तो ओला गिच्च तुकडा त्यात घातला. कोटावर पाण्याचा डाग पसरला. म्हातारा हात लांब धरून उभा राहिला.

आल्चोनं गवतातून मान वर केली. आला. नाक खिशात घातलं, तुकडा उचलला, आणि त्याचा गुळगुळीत जबडा हलायला लागला. कुंचोचा हात कधीच त्याच्या गळ्यावर गेला होता, डाव्या बाजूला, त्याच जागी. तो डोळे मिटून उभा होता. दाफिना त्याच्या बोटांकडे बघत राहिली.

"गेला," म्हातारा म्हणाला. "खाली गेला."